वळीव, कुरडया आणि मी

मी एक जुनी सायकल आहे. म्हातारी म्हणालात तरी चालेल, वयाची मला लाज वाटत नाही. पण मित्रांनो, 'भंगार' मात्र म्हणू नका. माझी घंटी अजून शाबूत आहे. कानाशी येऊन वाजवीन!

माझा जन्म साता समुद्रांपलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी मला पुरतं जोडलंसुद्धा नाही. चाकं वेगळी, हँडल वेगळं, सीट वेगळी, अशी मी लाकडी खोक्यात पडून बोटीने मुंबईला आले. काळबादेवीच्या एका दुकानात मला जोडलं गेलं, तेव्हा कुठे मला कळलं की मी कोण आहे. काळा रंग, मधे सरळ दांडा, मागे दणकट कॅरिअर. दुकानदाराने माझं मागचं चाक हवेत धरून फिरवलं आणि ते इतका वेळ फिरत राहिलं की समोर उभ्या असलेल्या तरुणाने टोपी काढून डोकं खाजवलं. ते अण्णा. त्यांना नुकतीच फोर्टात एका ऑफिसात नोकरी लागली होती आणि घर होतं बोरीवलीला, बाभईत. स्टेशन लांब, रस्ता धुळीचा. त्यांनी मला घेतलं आणि तिथून थेट बाभईपर्यंत चालवत आणलं. तो माझा पहिला प्रवास. दादरच्या पुढे गर्दी सरली, मग झाडं लागली, शेतं लागली, आणि मला वाटलं, हे गाव आपल्याला मानवणार.

मानवलं. कितीतरी वर्षं मी अण्णांना रोज सकाळी स्टेशनवर सोडलं आणि संध्याकाळी घरी आणलं. धोतराचा सोगा कमरेला खोचायचा, जेवणाचा डबा हँडलला अडकवायचा आणि निघायचं. आमच्या आवारात पाच-सहा बिऱ्हाडं होती. माझी घंटी वाजली की बायका चुलीवरचा भात उतरवीत. लढाईच्या दिवसांत टायर मिळेनात. अण्णांनी माझ्या ट्यूबला इतकी ठिगळं लावली की मूळची ट्यूब कोणती आणि ठिगळ कोणतं, हे मलाच ओळखता येईना. पण मी एकदाही त्यांना वाटेत सोडलं नाही. रविवारी ते जुन्या धोतराच्या फडक्याने मला पुसत आणि शिवणयंत्राचं तेल साखळीला घालत. शेजारचे श्यामसुंदरराव ओट्यावरून म्हणत, "अण्णा, बायकोपेक्षा सायकलची सेवा जास्त हो!" आणि आई आतून भांडं आपटीत असे.

आई म्हणजे अण्णांची बायको. घरात सगळे तिला आईच म्हणत, म्हणून मीही म्हणते. तिचं माझ्याशी फारसं जमत नसे. मी दारातून चिखल आणते, अशी तिची तक्रार. ती खरीही होती.

त्यांची एकुलती एक मुलगी सुहासिनी. ती दांड्याखालून पाय घालून, सगळं अंग एका बाजूला टाकून माझ्यावर बसायला शिकली तेव्हा जेमतेम माझ्या सीटएवढी उंच होती. घरामागच्या शेताच्या बांधाने आम्ही दोघी जात असू. पडत असू. पुन्हा जात असू. एकदा श्यामसुंदररावांनी पाहिलं आणि आवारभर ओरडले, "मुलीच्या जातीला हे शोभतं का?" आईने सुहासिनीला ओढत घरात नेलं. दुसऱ्या दिवशी सुहासिनी पुन्हा बांधावर हजर. ती अशीच होती. तिला 'नको' म्हटलं की ते तिच्या कानात शिरताना 'का नको?' होऊन शिरे.

मग अण्णांना दम्याने गाठलं. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद. अण्णा घोडागाडीने स्टेशनवर जाऊ लागले आणि मला मागच्या पडवीत कोळशाच्या पोत्यांना टेकवून ठेवलं. सुरुवातीला अण्णा येऊन माझ्या सीटवर हात ठेवीत. नंतर तेही कमी झालं. माझं चेनकव्हर कुणीतरी राख भरायला काढून नेलं. माझ्या आऱ्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलं. मित्रांनो, मोडल्याचं दुःख नसतं एवढं विसरल्याचं असतं. पण मी रडले नाही. लोखंड रडलं की गंजतं.

पंचावन्न सालचा मे महिना. सुहासिनी मास्तरकीचं ट्रेनिंग संपवून आली होती, जूनपासून शाळेत शिकवायला लागणार होती. एके दुपारी ती पडवीत आली, पदर खोचला आणि मला कानाला धरावं तसं हँडलला धरून उजेडात ओढलं. विहिरीच्या पाण्याने धुतलं. आईने ठेवणीतला काथ्या दिला नाही, तेव्हा सुहासिनीने स्वतःची जुनी चोळी फाडून पुसलं. मग काशीरामच्या दुकानात नेऊन टायर बदलून घेतले. परत आल्यावर अंगणात उभी राहून तिने जाहीर केलं, "अण्णा, मी आणि मालन आरेला जाणार. सायकलवरून."

अण्णा आरामखुर्चीत होते. "आरे कॉलनीत? तुझं काय काम तिथे?"

"काम कसलं? मजा म्हणून."

मी चकित झाले. मला स्टेशन ठाऊक होतं, बाजार ठाऊक होता, डॉक्टरांचा दवाखाना ठाऊक होता. मजेला जाणारा रस्ता माझ्या चाकांखालून कधी गेलाच नव्हता.

आई कुरडयांसाठी गहू भिजत घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मजा! माझ्या कुरडया व्हायच्यात, शेवया व्हायच्यात, आणि ही निघाली मजा करायला. आणि पाऊस आला म्हणजे?"

"आई, मे महिना आहे!"

"वळीव काय तुला विचारून येतो?"

पण सुहासिनीने रविवार ठरवलाही होता. मालनला भाड्याची सायकल रविवारीच मिळणार होती. मालन पलीकडच्या चाळीत राहायची. तिचे वडील, धाकू, गिरणीत कामाला होते, मूळचे मालवणकडचे. ती सुहासिनीबरोबरच ट्रेनिंगला होती आणि हसायला लागली की सायकलसुद्धा हलायची. रविवारचं सगळं ठरलं. डब्यात काय न्यायचं, कुठे थांबायचं, कोणत्या झाडाखाली बसायचं, सगळं. कॅलेंडर पाहिलं, घड्याळ पाहिलं. आभाळ तेवढं दोघींनी पाहिलं नाही.

निघताना आईने बजावलं, "मला दुपारी डॉक्टरांकडून ह्यांचं औषध आणायला जायचंय. अंगणात कुरडया घातल्यात. दुपारच्या आत ये आणि त्या उचल. ह्यांना उन्हात येऊ देऊ नको."

"येते गं!" सुहासिनी म्हणाली आणि माझ्यावर बसली.

भाड्याच्या सायकलवाल्याने दुकान उशिरा उघडलं. त्यामुळे ऊन चढल्यावर आम्ही घोडबंदर रोडला लागलो. कांदिवली गेली, मालाड गेलं. गोरेगावचं फाटक बंद होतं, तिथे घामाच्या धारा. पण आरेच्या रस्त्याला वळलो आणि दोन्ही बाजूंना झाडी लागली तशी मालन ओरडली, "गो सुहास, ह्या तर आमच्या गावासारख्या दिसता!" माझ्या चाकांत आरे आणि समोर आरे, त्या दिवशी मला वाटलं, हा रस्ता माझ्याच नावाचा आहे.

आणि मग उजेड गेला. पूर्वेच्या टेकड्यांमागून काळा ढग असा वर आला की जणू कुणी घोंगडं ओढलं. आधी धूळ उठली. डोळे उघडवेनात. सुहासिनी मला फिरवायला गेली, तोच वाऱ्याने तिच्या पाचवारीच्या निऱ्या उडवल्या आणि त्या माझ्या साखळीत गेल्या. चेनकव्हर असतं तर गेल्या नसत्या. आम्ही दोघी रस्त्याकडेच्या खड्ड्यात कोसळलो. माझं पुढचं चाक वाकलं, तिचा गुडघा फुटला. वरून गारांसारखे थेंब बडवत होते. मालनने एका हाताने तिला आणि एका हाताने मला बाहेर ओढलं. गुरांच्या एका गोठ्याच्या वळचणीला आम्ही उभ्या राहिलो. सुहासिनी गुडघ्याकडे बघतच नव्हती. ती एकच म्हणत होती, "मालन, कुरडया. अण्णा."

घरी पोहोचायला संध्याकाळ झाली. मला तर तिने जवळजवळ खांद्यावरूनच आणलं. अंगणात पांढरा लगदा पसरला होता. आणि घरात अण्णा उशांना टेकून बसले होते, छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. सुहासिनी आली नाही म्हणून धुळीच्या वादळात ते स्वतः कुरडया उचलायला बाहेर गेले होते. निम्म्या उचलल्या आणि दम लागून पायरीवरच बसले. तिथे आईला ते सापडले.

आईने चिमटा घेतला असता, थोबाडीत दिली असती तर सुहासिनीला बरं वाटलं असतं. पण तिने फक्त लेकीच्या गुडघ्याला हळद लावली आणि पाठ फिरवली.

पुढच्या काही दिवसांत अण्णांना हळूहळू उतार पडला. मी पुन्हा पडवीत, वाकड्या चाकाने, कोळशाशेजारी. श्यामसुंदरराव मात्र रोज येत. खुर्ची ओढून बसत आणि तेच सांगत. शेवटी एकदा म्हणाले, "अण्णा, ही ब्याद घरात ठेवूच नका. माझ्या भाच्याला सायकल हवी आहे. मुलगा आहे, नीट वापरील. उद्या सकाळी येऊन घेऊन जातो."

अण्णा थकले होते. लेकीच्या गुडघ्यावरची पट्टी त्यांना दिसत होती. ते म्हणाले, "न्या."

ते एक अक्षर मी पडवीतून ऐकलं. मित्रांनो, रागावू नका, पण मला त्या क्षणी अण्णांचा राग आला. चाक वाकलं की माणूस सायकल टाकतो. पण गुडघा फुटला म्हणून कुणी पाय टाकून देतं का?

सकाळी श्यामसुंदरराव आले. सुहासिनी पडवीच्या दारात उभी होती, मला पाठीशी घालून. "काका, सायकल मिळणार नाही."

"बघा अण्णा! अजून तोरा गेला नाही," ते म्हणाले. "अगं, तुझ्यापायी बाप मरता मरता वाचला."

सुहासिनीचा चेहरा उतरला. पण दार तिने सोडलं नाही. "माझं चुकलं ते मी अण्णांच्या आणि आईच्या पाया पडून सांगितलंय. तुमच्याशी माझं काही चुकलेलं नाही."

श्यामसुंदरराव भडकले. ते आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा हिला. बाईमाणसाला ना रस्त्याची अक्कल, ना आभाळाची. कशाला हवेत नसते उद्योग?"

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. सुपातून एक खडा तिने उचलला आणि अंगणात फेकला.

"भावजी," ती म्हणाली, "रस्त्याचं मला ठाऊक नाही. पण ह्या घरात आल्यापासून दर उन्हाळ्यात मी वाळवणं घालतेय. ह्या पोरीच्या चुकीने यंदा भिजलं, त्याआधी माझी एक कुरडई भिजली नाही. आभाळ मी बघते. तुम्ही ओट्यावरून फक्त माणसं बघता."

अण्णांना खोकला आला. तो दम्याचा नव्हता. ते हसू दाबत होते.

"म्हणजे सायकल द्यायची नाही?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"नाही. ती कोळशापाशी असते, तुमच्या वाटेत येत नाही." आणि आई पुन्हा तांदूळ निवडू लागली.

ते गेल्यावर सुहासिनी आईजवळ जाऊन बसली. बराच वेळ दोघी खडे निवडत राहिल्या. मग आई म्हणाली, "जायचं होतं तर मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते. पण कधी जायचं नाही, तेही सांगितलं असतं." तिने सूप बाजूला ठेवलं. "ऐक. वळीव येण्याआधी एक-दोन दिवस जीव नुसता कासावीस होतो. सकाळी खाडीकडून येणारा वारा पडतो. पान हलत नाही. कान्हेरीच्या डोंगरामागे पिंजलेल्या कापसासारखे ढग वर चढायला लागतात. त्या दिवशी घातलेलं वाळवण मी दुपारच्या आत उचलते. दुपारनंतर तो येतोच. पण एकदा का जोराचा पडून गेला, की दुसऱ्या सकाळी आभाळ दमलेलं असतं. ती सकाळ आपली. कुरडया मी शक्यतो त्याच सकाळी घालते."

"मग आपण..."

"आपण आधी कुरडया करायच्या. भिजल्या तेवढ्या सगळ्या. मग बघू."

दोघींनी पुन्हा गहू भिजवले, वाटले, चीक शिजवला. सुहासिनीने सोऱ्या दाबून दाबून हाताला फोड आणले. मालनही आली आणि एक कुरडई घातली की एक गोळा चीक गट्टम करू लागली. आई ओरडली नाही. ह्या वेळी कुरडया खडखडीत वाळल्या आणि डब्यात गेल्या. काशीरामने माझ्या चाकाचा आऊट काढला, म्हणजे वाक सरळ केला, नवीन चेनकव्हर बसवलं. चाक अगदी पहिल्यासारखं झालं नाही, किंचित डुलतं. डुलू दे. चालताना माणसंही डुलतात.

एका दुपारी वळीव आला. असा की आंब्यांचा सडा पडला. आई दारात उभी राहून बघत होती. पाऊस थांबल्यावर ती म्हणाली, "सुहास, मालनला निरोप दे. उद्या."

पहाटेच सुहासिनी तयार झाली. पाचवारीच्या निऱ्या ती कमरेला खोचून बघत होती. आईने कपाटातून आपलं निळं लुगडं काढून तिच्यापुढे टाकलं. "हे नेस. काष्टा घातला की कुठली साखळी धरते ते बघू."

"नऊवारी? आई, मला हसतील सगळ्या!"

"खड्ड्यात पडल्यावर हसले त्यापेक्षा कमीच हसतील."

सुहासिनी लुगडं नेसली, माझ्यावर टांग टाकून बसली आणि तिचे डोळे चमकले. पाय कसे मोकळे! मग तिने मागे पाहिलं तर आई चप्पल घालत होती. स्वतःच्या लुगड्याचा पदर तिने कमरेभोवती घट्ट बांधला होता.

"तू कुठे निघालीस?"

"मीही येते," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "बसता येईल ना ह्या मागच्या फळीवर?"

अण्णा आरामखुर्चीतून उठून आले. मला वाटलं, आता 'नको' म्हणतील. त्यांनी माझ्या मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला. मग पंप घेतला, दम लागेल म्हणून सुहासिनीच्या हातात दिला आणि म्हणाले, "दोघींचं वजन आहे. आणखी हवा भर." मालनच्या आईने सांगून ठेवलं होतं, अण्णांच्या जेवणाचं ती बघेल.

आई पहिल्यांदा बसली तेव्हा तिने सुहासिनीची कंबर इतकी आवळली की ती ओरडली, "आई, श्वास घेऊ दे!" कांदिवलीपर्यंत आईने डोळे मिटले होते. मालाडला उघडले. गोरेगावच्या फाटकात ती एका भाजीवालीशी बोलायलासुद्धा लागली. रस्ता धुतलेला होता, झाडं धुतलेली होती, आणि आभाळ खरंच दमून निळं झालं होतं. मी चढावर कुरकुरले, हे कबूल करते. तिथे तिघी उतरून चालल्या. मालन म्हणाली, "काकी, पुढल्या खेपेक तुमी चालवा, सुहास मागे बसात." आई हसली. तिचं हसणं मी इतकी वर्षं त्या घरात असून पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकलं.

टेकडीवर आम्ही एका झाडाखाली थांबलो. खाली गोठ्यांची कौलं, गवताचे हिरवे पट्टे, एका बाजूला तलावाचं पाणी, आणि पश्चिमेला लांब समुद्राची रेघ. आरेच्या दूधकेंद्रावर घेतलेली थंड दुधाची बाटली आईने दोन्ही हातांनी धरली होती. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हे आपल्या इतकं जवळ होतं?" मग चपला काढून ती ओल्या गवतात पाय पसरून बसली. कुणाचं पान वाढायचं नव्हतं, काही उचलायचं नव्हतं, काही झाकायचं नव्हतं. आईचे हात मांडीवर नुसते पडून होते. त्यांना रिकामं बसायची सवय नव्हती. थोड्या वेळाने तेही शिकले.

ठरलं होतं, ऊन डोक्यावर यायच्या आत उतरायला लागायचं. पण सुहासिनीने पूर्वेकडे पाहिलं, तर पवईच्या अंगाने कापूस वर चढत होता. आईच्या हिशोबापेक्षा खूपच लवकर.

"आई, ढग!"

"दिसले मला."

"मग निघूया ना? तूच म्हणाली होतीस, आज नाही येणार."

"चुकलं माझं. त्यालाही कधी लहर येते." आई जागची हलली नाही. "बस गं जरा. कुरडया डब्यात आहेत. हे घरात आहेत. आपणच तेवढ्या उरलोय. मी काय वाळवण आहे, भिजले तर फुकट जायला?"

मित्रांनो, मी पुष्कळ शूर माणसं वाहून नेली आहेत. पण इतकं शूर वाक्य माझ्या कॅरिअरने त्याआधी वाहिलं नव्हतं.

आई वेडी मात्र नव्हती. वीज कडाडायला लागली तशी ती सगळ्यांना घेऊन झाडापासून दूर, खालच्या गोठ्यात गेली. गडगडाट डोंगरापलीकडे सरेपर्यंत तिने कुणाला हलू दिलं नाही. नुसता पाऊस उरला तेव्हा म्हणाली, "चला आता. वाटेत कुठे थांबायचं नाही." आणि आम्ही भर पावसात उतारावरून निघालो. माझे ब्रेक ओले, चाक डुलतंय, साखळी चिखलाने माखलेली. सुहासिनीच्या केसांतून पाणी निथळत होतं, आई मागून "हळू! हळू!" म्हणत होती आणि मालन मागून गाणं म्हणत होती. मी घसरले नाही. ठरवलंच होतं मी. हवं तर घमेंड म्हणा.

बाभईच्या कोपऱ्यावर मालन वळली. सुहासिनीने माझा वेग कमी केला. पुढे आमचं आवार. पाऊस थांबला होता आणि सगळी बिऱ्हाडं ओट्यांवर येऊन उभी असणार, हे तिला ठाऊक होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "इथे उतरतेस का? दोघी चालत जाऊ. पुढे सगळे बघतील."

मला वाटलं, आई आता उतरेल. तिने कपाळावर चिकटलेले केस मागे सारले.

"बघू देत. दारापर्यंत ने. आणि घंटी वाजव."

सुहासिनीने घंटी वाजवली. मी अशी कधीच वाजले नव्हते. आवारातली माणसं बघतच राहिली. आई कॅरिअरवर ताठ बसली होती, नखशिखांत भिजलेली, लुगड्याला चिखल, मांडीवर रिकामी दुधाची बाटली. श्यामसुंदरराव ओट्यावर होते. "वहिनी, हे काय? वळवाने गाठलं वाटतं?"

"गाठलं नाही, भावजी," आई खाली उतरत म्हणाली. "मीच थांबले होते त्याच्यासाठी."

दारात अण्णा उभे होते. त्यांनी दोघींच्या हातात पंचे दिले. मग खुंटीवरचं जुनं धोतर घेऊन ते माझ्याजवळ पायरीवर बसले आणि साखळीतला चिखल एक-एक कडी करून पुसू लागले.

त्याला आता चार वर्षं झाली. जूनपासून मी सुहासिनीला शाळेत नेऊ लागले ते आजपर्यंत. तिच्या मागून आवारातल्या आणखी मुली शिकल्या. पडल्या, रडल्या, शिकल्या. आईनेही एकदा सीटवर बसायचा प्रयत्न केला. नाही जमलं तिला. तिने मला दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा कॅरिअरवर बसली. दर उन्हाळ्यात कुरडया डब्यात गेल्या की ती विचारते, "ह्या वर्षी कुठे?" श्यामसुंदररावांना अजूनही हे पसंत नाही. ते तसं बोलूनही दाखवतात. बोलोत.

आता माझा रंग उडाला आहे. सीटची कातडी फाटली आहे. काल कुणीतरी म्हणालं, हिला आता आराम द्या, पडवीत नीट जपून ठेवा. मित्रांनो, असलं जपणं मला नको. पावसाने मी गंजत नाही. पावसातून आल्यावर पुसायला कुणी नसलं, म्हणजे गंजते. मला पुसा, साखळीला तेल घाला, चेनकव्हर राख भरायला नेऊ नका, आणि मग खुशाल दामटा. वस्तूची काळजी म्हणजे तिला कोंडून ठेवणं नव्हे. माणसाचीही नव्हे. निघण्याआधी आभाळाकडे जरूर बघा. घरात कोण वाट बघतंय तेही बघा. पण घाबरून बसण्यासाठी बघू नका, केव्हा निघायचं ते ठरवण्यासाठी बघा.

आज दुपारी जोराचा वळीव पडून गेला आहे. उद्याची सकाळ आपली. कोण येतंय? या, आणि आधी तेवढी मागच्या चाकात हवा भरा.